मोजणी मी केली होती

“ॲप्रन काढ. आईचे कपडे आणलेस ना? ते घाल. ही धान्याची टोपली घे आणि टेबलाशेजारी उभी राहा. हसरा चेहरा ठेव.”

सर सगळ्या प्रयोगशाळेसमोर बोलले. त्या दिवशी नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. बाहेरून पाहुणे येणार होते.

मी पावरा आदिवासी. धडगावकडच्या डोंगरातली. एम.एस्सी.ला शिकणारी. लाल ज्वारी, पांढरी ज्वारी, मका, बाजरी यांच्या वेगवेगळ्या वाणांत फिनॉलिक संयुगं किती, हे मोजायचं काम माझं. दाण्याला रंग आणि तुरटपणा देणारी ही नैसर्गिक द्रव्यं. दाणे दळायचे, अर्क काढायचा, रसायन घालायचं. द्रावण निळं होतं. जितकं गडद, तितकी संयुगं जास्त. अख्खा हिवाळा मी तेच केलं. आमच्या घरची लाल ज्वारी सगळ्यांत गडद निघाली.

आणि त्यावर बोलणार कोण? माझ्या वर्गातला, शहाद्याकडच्या बागायतदाराचा मुलगा.

“सर, मी का नको?”

सर त्या मुलाकडं वळून अहिराणीत म्हणाले, “तिले बोलता येस नही. पाव्हनास्नासमोर फजिती व्हई.”

अहिराणी मला कळते. बाजारात तीच ऐकत वाढले.

कपडे आईचे, सणाचे. चांदीही तिचीच. सरांनी मागवलंय म्हटल्यावर तिला वाटलं, लेकीचा मान होतोय. तिनं स्वतः घासून दिली.

मी नेसले. उभी राहिले. पाहुण्यांनी फोटो काढले. एकजण म्हणाला, “टोपली जरा वर धर.” धरली. एका बाईंनी न विचारता माझ्या गळ्यातली चांदी हातात घेऊन पाहिली. मग सर म्हणाले, “हे लोक हे खातात. मोजणी आमच्या मुलांनी केली.”

आमच्या मुलांनी.

मी टोपली खाली ठेवली.

“मोजणी मी केली. मी सांगते.”

सांगितलं. आवाज फाटला, तरी सांगितलं. निम्मे पाहुणे चहाकडं गेले. कुणी टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. “माफी माग. नाहीतर शोधनिबंधात तुझं नाव राहणार नाही.”

“कशाची माफी?”

त्यांनी दाराकडं बोट दाखवलं.

नाव गेलं. मी प्राचार्यांकडं तक्रार दिली. आता मागं घे म्हणून सगळे समजावतात. मैत्रिणीसुद्धा. घेणार नाही. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे. पुन्हा दळीन, पुन्हा मोजीन. आणि सांगायला मीच उभी राहीन.