टॉमच्या पिकअपचा हौदा रिकामा करताना

टॉम मॅकार्डल गेला तो जानेवारी २०२१ मधल्या एका मंगळवारी, सकाळचा चहा पिता पिता. हृदय बंद पडलं. वय अठ्ठ्याहत्तर. आयर्लंडमधल्या डंडॉक गावाबाहेर त्याचं शेतघर होतं, आणि शेताच्या दगडी गडग्याला लागून नव्या घरांची वसाहत. त्या वसाहतीतल्या पद्माकरला बातमी सांगितली टॉमच्या मुलीने, नोरीनने. बुधवारी सकाळी ती गडग्याशी आली, सांगून झालं आणि थोडं थांबून म्हणाली, "पॅडी, तुला गंजलेले बोल्ट खोलता येतात ना?"

पॅडी हे टॉमने ठेवलेलं नाव, आयरिश घरांत सर्रास असणारं. पद्माकर नागपूरचा, इथल्या औषधांच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. पहिल्या भेटीत टॉमने त्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "पद्माकर म्हणजे पॅडीच की. मग तू आमचाच!"

टॉम तिशीत अमेरिकेला गेला होता. वीस वर्षं बांधकामावर काढून परतला तो एक दांडगा पिकअप जहाजावर चढवूनच. इथल्या अरुंद रस्त्यांवर ती गाडी मावायची नाही, लोक हसायचे. त्याने पोनी पाळल्या, गाडीच्या हौद्यात फिफ्थ व्हील हिच बसवला आणि त्याला लांबलचक ट्रेलर अडकवून घोड्यांच्या जत्रा पालथ्या घातल्या. मग बायको गेली, गुडघे गेले, पोनी विकल्या, ट्रेलर विकला. हिच मात्र हौद्याच्या मधोमध तसाच राहिला, भला जड लोखंडी सांगाडा. पद्माकरने एकदा म्हटलंही होतं, "काढून देऊ का?"

"असू दे," टॉम म्हणाला होता. "उद्या परत घोडी घेतली तर?"

आता नोरीन सांगत होती, "शेवटचं आपल्याच गाडीतून न्यायचं, असं बाबांनी लिहून ठेवलंय. अंत्यविधीवाल्यांची हरकत नाही. पण त्या हिचमुळे हौद्यात शवपेटी बसत नाही. गॅरेजवाला कोविडमुळे घरात अडकलाय. आणि उद्या अकराला चर्च."

पद्माकर हो म्हणाला. घरात येऊन पाने काढू लागला, तेव्हा संध्याने, त्याच्या बायकोने, विचारलं, "एकट्याला जमेल?" तो पाने पिशवीत भरत राहिला. तिने कोट चढवला.

हे काम त्याने का घेतलं, ते तिला ठाऊक होतं. आदल्या जुलैत नागपूरला त्याचे वडील गेले. विमानं बंद. धाकट्या भावाने, नरेंद्रने, घाटावर फोन उंच धरला होता. मध्येच चित्र गोठलं, आणि पुन्हा हललं तोवर सगळं उरकलं होतं. त्या संध्याकाळी टॉम गडग्यापाशी आला, टोपी काढून दोन मीटरवर उभा राहिला आणि म्हणाला, "वडील कसे होते तुझे, सांग." कारखान्यातल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. पद्माकरने सांगितलं, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, रविवारी मला सोबत न्यायचे, हातात पाना द्यायचे. टॉम तीन दिवस रोज आला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः भाजलेला ब्रेड गडग्यावर ठेवला आणि गेला.

काम वरून सोपं दिसत होतं. चार पिना ओढल्या की हिच खालच्या पट्ट्यांवरून सुटा होतो. तीन पिना निघाल्या, चौथी हातोडीने ठोकून काढावी लागली. मग मास्क लावून तिघांनी तो सांगाडा उचलला आणि गवतावर उतरवला. संध्याच्या तळव्याला खरचटलं.

राहिल्या त्या दोन आडव्या पट्ट्या; पेटी सपाट बसायला त्याही काढायच्या होत्या. त्यांचे बोल्ट हौद्याच्या तळातून आरपार खाली चेसीपर्यंत गेलेले. वरून पाना फिरवला की खालचा नटही फिरायचा. खाली कुणीतरी नट धरून ठेवायला हवा होता.

"मी जाते," नोरीन म्हणाली. खताची रिकामी पोती अंथरून ती काळ्या कोटासकट गाडीखाली सरकली.

पद्माकर हौद्यात गुडघ्यांवर, ती खाली उताणी, मध्ये पत्रा. तेल सोडायचं, थांबायचं, फिरवायचं. एकेक बोल्ट सुटत गेला. शेवटच्याआधीच्या बोल्टाला खालून पाना धरल्याचा आवाज येईना. नीट ऐकलं तर ती रडत होती.

"थांबू का, नोरीन?"

तिने नाक ओढलं. मग, "त्या सकाळी मी फोन करणार होते. म्हटलं, दुपारी करू."

पद्माकरने पाना खाली ठेवला. "मलाही पोचता आलं नव्हतं," एवढंच त्याने पत्र्याला सांगितलं.

"ठाऊक आहे. बाबा सांगायचे मला." खालून लोखंडाचा आवाज आला. "धरलाय. फिरव."

शेवटचा बोल्ट हटून बसला. उजेड उतरत चालला होता. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला आणि वडिलांचा आवाज कानात आला, 'पोट्ट्या, घाई करशीन तं बोल्टाचं मुंडकं तुटन.' त्याने पाना सोडला. पुन्हा तेल घातलं, हातोडीने हलके हलके चारी बाजूंनी ठोकलं, अर्धा तास बसून राहिला. संध्याने चहा आणला. मग परत पाना लावला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि बोल्ट फिरला. नोरीन खालून "सुटला!" म्हणून ओरडली. तो मात्र वर हौद्यात बसून ढसाढसा रडला, जुलैत रडला नव्हता तसा. संध्या त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तिघांनी हौदा झाडला, धुतला. नोरीनने पोनीची जुनी लोकरी झूल आणून अंथरली.

सरकारी नियमाने चर्चमध्ये फक्त दहा माणसं. पद्माकर त्यांत नव्हता. गुरुवारी सगळी वसाहत रस्त्याकडेला अंतर राखून उभी राहिली. पिकअप माणसाच्या चालीने आला, नोरीनच चालवत होती. गडग्यापाशी तिने गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"वळणापर्यंत चल, पॅडी. बाबांच्या मागे कुणीतरी चालायला हवं."

तो पुढे झाला. संध्याही. हौद्याच्या फळीवर हात ठेवून दोघं चालत राहिली. कुणीतरी टोपी काढली, कुणी छातीवर क्रुसाची खूण केली. वळणावर पद्माकर थांबला, हात जोडले. गाडी चर्चच्या दिशेने गेली.

घरी आल्यावर संध्या म्हणाली, "आधी आंघोळ करून घे." गीझर चालू होताच. तो सरळ आत गेला.