इंजिनात पडलेला स्क्रू

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री मोटारसायकली दुरुस्त करतो. कोणतीही तक्रार सांगा, तो आधी गाडीलाच विचारतो, "काहून वं?", म्हणजे का गं, आणि तिनं उत्तर द्यावं तसा कान देऊन बसतो. आम्हा गिऱ्हाइकांच्या वाट्याला फक्त "थांबा" किंवा "उद्या या."

एकदा प्लग साफ करायला गाडी देऊन मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. तो हात पुसत रस्ता ओलांडून आला. त्याला काम अर्धं टाकून उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, प्लगच्या भोकातून माह्या हातानं एक बारीक इस्क्रू आत पडला. काढल्याबिगर गाडी देत नाई."

मला अमरावती गाठायची होती. मी चारचौघांत त्याला नको नको ते बोललो. त्यानं सायकलच्या स्पोकला टोकाशी ग्रीस थापलं, गाडी कलती केली आणि डोळे मिटून तो आत चाचपत राहिला. दोन तासांनी स्क्रू ग्रीसला चिकटून बाहेर आला.

तो गप्प राहिला असता, तर पुढे इंजिन फुटल्यावर मी माझ्या नशिबाला शिव्या दिल्या असत्या.

परवा माझ्यासमोरच एका नव्या गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, "इंजिनाचं काम जमते ना तुमाले?"

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "या सरायच्या इंजिनात मीनंच इस्क्रू पाडला होता. इचारा त्यायले."

गिऱ्हाईक बावचळून माझ्याकडे बघायला लागलं.

मी म्हटलं, "चावी देऊन टाका."