न मारलेली टिचकी

टिचकीमास्तरांच्या हातात कुठलीही जुनी रेकॉर्ड दिली की ते आधी तिच्याकडे बघत नसत. डाव्या हाताचं बोट मधल्या भोकात घालून ती लोंबती धरायची, मान थोडी कलती करायची आणि उजव्या हाताच्या नखानं कडेवर एक टिचकी मारायची. रेकॉर्ड खणखणीत वाजली तर तिच्या मालकाला बसायला स्टूल मिळे. बद्द वाजली तर मास्तर ती हळूच परत देत आणि म्हणत, "चिरलीय. घरी न्या, पन उन्हात नेऊ नका."

नगरच्या कापडबाजारामागच्या एका बोळात त्यांचं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, दोन स्टुलं आणि भिंतीला लागून छपरापर्यंत गेलेल्या लाखेच्या तबकड्या. मूळचे ते नेवाशाचे, कुंभाराच्या घरातले. आई आठवडी बाजारात मडकी विकायची आणि गिऱ्हाइकानं टिचकी मारायच्या आत स्वतः मारून दाखवायची. मास्तर म्हणत, "मडक्याचं तोंड खोटं बोलतं, प्रोफेसर. पोट खरं बोलतं. लाख काय न् माती काय, कायदा एकच." मी तेव्हा कॉलेजात साधा अधिव्याख्याता होतो. पण 'प्रोफेसर' म्हणताना त्यांच्या आवाजात असा काही भाव असे, की बढती मिळाल्याचा आनंद मला कधी झाला नाही.

नवे पैसे येऊन पंधरा वर्षं होत आली होती, तरी मास्तरांचा हिशेब आण्यांत चाले. हा आणा किमतीचा नव्हे, प्रतीचा. सुई फिरून फिरून करडी पडलेली रेकॉर्ड चार आणे. काळा रंग शाबूत, सुईच्या रेघा न झिजलेल्या, कडा न उडालेल्या, तर बारा आणे. आकडा ते पाकिटाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहीत आणि पुण्यामुंबईहून येणारे शौकीन त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत. सोळा आणे मात्र त्यांनी कशालाच दिले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सोळा आण्याची रेकॉर्ड म्हंजे कुनीच न ऐकलेली. तिचं मी काय करू?"

माझी पहिली खरेदी मी मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे नेली होती. एका निवृत्त मामलेदारांनी 'दुर्मिळ' म्हणून दिलेली रेकॉर्ड. टिचकी ठीक वाजली. मग मास्तरांनी ती नाकाशी धरली.

"खोबरेल," ते म्हणाले. "आज सकाळीच चोळलंय. तीन आणे."

"अहो, पण मामलेदारांनी स्वतः सांगितलं..."

"मामलेदार आसतील सोळा आणे. रेकॉर्ड तीन आणे हाय."

श्रीगोंद्याकडचे एक ऊसवाले बागायतदार ट्रंकभर रेकॉर्डी घेऊन आले होते, त्यांचीही हीच गत झाली. प्रत्येक रेकॉर्ड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. "सगळी लई गाजलेली गाणी हाईत, मास्तर," ते अभिमानानं म्हणाले. "म्हनूनच तर," मास्तर म्हणाले, "घरोघर हाईत. बरं, घरी रांजणावर झाकण म्हनून काय ठेवता?" बागायतदार गोरेमोरे झाले. पुढच्या बाजारी त्यांनी रांजणावरचं झाकण आणलं. त्या काळी कुणाला न आवडलेलं, न खपलेलं आणि म्हणून आता कुठंच न मिळणारं गाणं होतं ते. मास्तरांनी त्याला अकरा आणे दिले आणि आख्ख्या ट्रंकेपेक्षा जास्त पैसे मोजले. पडलेल्या गाण्याला भाव येतो, हा त्यांच्या धंद्यातला नियम मला साहित्याच्या बाबतीतही दिलासा देणारा वाटला होता.

मी हे सगळं सांगतोय ते एका टिचकीसाठी. ती मास्तरांनी मारली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन द्यायचं म्हणून जिल्ह्यात एक समिती नेमली होती. माझं शुद्धलेखन बरं, म्हणून इतिवृत्त लिहायला मी सभासद. आलेल्या अर्जांत मिरजगावच्या यमुनाबाईंचा अर्ज होता. वय सत्तरीपार, तरुणपणी नाटक कंपनीत गायलेल्या, एक रेकॉर्ड निघालेली. सध्याचा व्यवसाय या रकान्यात सरपंचांनी लिहिलं होतं: दुष्काळी कामावर खडी फोडणे.

समितीच्या अध्यक्षांना सरपंचांचा दाखला पुरेना. त्यांना ठोस पुरावा हवा होता. अध्यक्षांचं कलाप्रेम दांडगं. कुठल्याही मैफलीत ते पहिल्या रांगेत बसत आणि मधूनच मोठ्यानं 'वा!' म्हणत, बहुधा गवई पाणी पीत असताना. पुरावा म्हणजे बाईंची ती एकुलती रेकॉर्ड. पण तिच्या मधला नावाचा कागद झुरळांनी खाल्लेला. तेव्हा मास्तरांनीच मला तोड सुचवली. फार जुन्या रेकॉर्डींवर गाणं संपलं की गाणारा आपलं नाव सांगायचा. सुरुवातीला तबकड्या परदेशात छापल्या जात, तिथल्या माणसाला कुठल्या गाण्यावर कुणाच्या नावाचा कागद डकवायचा ते कळावं म्हणून; पुढं काही वर्षं ती रीतच पडली. म्हणजे बाईंचं नाव त्यांच्याच आवाजात शेवटच्या रेघांमध्ये असणार. अध्यक्षांनी हे मान्य केलं. जाणकार म्हणून मास्तरांना बोलवायचं ठरलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाई एस्टीनं आल्या आणि मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. वाळलेल्या, काटक. बोटांवर खडीचे व्रण. त्यांना बघून मास्तर उठून उभे राहिले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, कारण मामलेदारांसाठीही ते उठले नव्हते. बाईंनी धडप्यातून रेकॉर्ड काढून दिली. मास्तरांनी ती उजेडात तिरकी धरली. काळी कुळकुळीत होती. मग बोट भोकात गेलं, मान कलली, नख वर झालं, आणि मास्तरांची बाईंकडे नजर गेली. बाई त्या रेकॉर्डीकडे एकटक बघत होत्या. मास्तरांनी हात खाली घेतला. ज्या हातानं टिचकी मारायची तोच हात छातीशी नेऊन त्यांनी रेकॉर्डीला नमस्कार केला.

"चौदा आणे," म्हणाले आणि पाकिटावर लिहिलं.

"वाजवून बगता का, मास्तर?" बाईंनी विचारलं. "चाळीस वर्सं झाली. मशीन इकलं तवापासून मी तिला ऐकली न्हाई."

"उद्याच ऐका, बाई. सगळ्यांसमोर. आज एकदा, उद्या एकदा, उगाच झिजवायची कशाला?"

टिचकी राहिली, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला ते आवडलंही होतं. मास्तरांना रीतभात कळते, असं मनाशी म्हणून मी चहा सांगायला उठलो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सभागृहात लांब टेबलावर मास्तरांनी चावीचा फोनो मांडला. अध्यक्ष मध्ये, मी डावीकडे, उजवीकडे कारकून. बाई भिंतीलगतच्या बाकावर. मास्तरांनी पाकिटातून रेकॉर्ड काढली, आणि वर्षानुवर्षांची सवय, बोट भोकात जाताच नख आपोआप कडेवर लागलं.

बद्द.

मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा एक टिचकी मारली, अगदी हळू, ऐकू येऊ नये अशी. मग ते खिडकीशी गेले. कडेपासून आत तीन बोटं, केसाएवढी बारीक चीर होती.

"साहेब," ते परत येऊन म्हणाले, "माझी चूक झाली. ही चिरलेली हाय. काल मी टिचकी मारून बगितली न्हाई. मला दोन दिवस द्या. एकाकडं टेपरेकॉर्डर हाय. हळूहळू, जपून टेपवर उतरवून आनतो. मग कितीदा बी ऐका."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "यादी आज मुंबईला जायची आहे. यानंतरची पुढच्या वर्षी." त्यांनी पाकीट उचललं. "हे चौदा आणे तुम्हीच लिहिलंत ना?"

"व्हय."

"मग चौदा आण्याची रेकॉर्ड वाजायला हरकत काय?"

उत्तर बाकावरून आलं. "वाजवा, मास्तर. आनखी वरीसभर खडी फोडायला माज्यात जोर न्हाई."

मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात बाभळीचे काटे होते. जपायच्या रेकॉर्डींना ते लोखंडी सुई लावत नसत, तासून टोकदार केलेला काटा लावत. काट्यानं रेघ दुखत नाही, पण आवाज फार बारीक येतो. म्हणून पंखा बंद करावा लागला. शिपायानं खिडक्या लावल्या. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि अध्यक्षांच्या कपाळावरून घाम टोपीखाली जात होता. मास्तरांनी चावी भरली आणि काटा अलगद टेकवला.

टक्. खरखर. टक्. चीर दर फेऱ्याला काट्याखालून जात होती. आणि त्या टक-टकीच्या मागून, जणू शेजारच्या घरातून, एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज आला. चढा, धीट, कुणाची पर्वा न करणारा. मास्तर एक बोट फोनोच्या दांडीखाली धरून तिचं वजन तोलत होते. बाई गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसल्या होत्या आणि फोनोकडे बघत होत्या, दुसऱ्याच्या मुलीकडे कौतुकानं बघावं तशा.

काटा तीन बोटांच्या पुढे गेला. टक् थांबायला हवी होती. थांबली नाही. चीर आत सरकत होती.

गाणं संपलं. खरखरीत क्षणभर शांतता झाली, मुलीनं श्वास घेतला आणि...

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "वा, वा! काय आवाज!"

मास्तरांनी दांडी उचलली.

"नाव सांगितलं का तिनं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगितलं, साहेब," मी म्हणालो. कारकुनानंही मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही पुरतं ऐकू आलं नव्हतं.

"मला नाही आलं ऐकू. आणि सही माझी आहे. पुन्हा लावा."

"साहेब, ती आता मधल्या कागदापतूर चिरलीय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका खाली गेलेला ऐकला नव्हता. "म्या सांगतो की नाव हाय म्हनून."

"काल तुम्ही चौदा आणेही सांगितलं होतंत."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, एकदाच. मास्तरांनी काडेपेटीतून नवा काटा काढला, नखावर टोक तपासलं आणि या खेपेला गाण्यावर नव्हे, अगदी शेवटच्या बोटभर जागेत, कागदाच्या कडेशी टेकवला. मी अध्यक्षांकडे बघत होतो. गरज पडली तर त्यांच्या तोंडावर हात ठेवायची माझी तयारी होती. नोकरीची पर्वा न केल्याचे माझ्या आयुष्यातले तेवढे दहा-पंधरा सेकंद.

टक्. शेवटची तान. टक्. श्वास. मग स्वच्छ, ठसक्यात, एखाद्या दारात उभं राहून सांगावं तसं: "मी यमुना मिरजगावकरीण!"

वाळलेली शेंग तडकावी एवढाच आवाज झाला. तबकडी दोन तुकडे होऊन सरकली आणि स्प्रिंग होती तोवर रिकामं चाक गरगर फिरत राहिलं.

अध्यक्षांनी सही केली. पंखा लावायला सांगितला. पुढचा अर्ज एका शाहिरांचा होता.

मास्तर दोन्ही तुकडे हातात धरून बाईंपुढे उभे होते. "बाई, काल म्या टिचकी... टेपवर राहिली आसती. दुसरी बाजू तर कुनी ऐकलीच न्हाई."

बाईंनी पदरानं चेहरा पुसला. "जाऊ द्या, मास्तर. नाव सांगून गेली की."

तुकडे त्यांनी मास्तरांपाशीच ठेवले. मानधन सुरू झालं, खडी सुटली. काही वर्षांनी मिरजगावहून त्या वारल्याचं कार्ड आलं, तेव्हा मास्तरांनी दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं.

त्या दुपारनंतर मास्तरांच्या टिचकीतून कुणीच सुटलं नाही. एका मठाचे महाराज स्वतःच्या कीर्तनाची रेकॉर्ड घेऊन आले, शिष्यांसकट. मास्तरांनी आधी त्यांच्या पाया पडून घेतलं आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत कडेवर सणसणीत टिचकी मारली. शिष्य चपापले. "राग मानू नका, महाराज," मास्तर म्हणाले. "एकदा मान राखायला गेलो हुतो. लई महागात पडलं, आन् ते बी दुसऱ्याला." मी स्वतः पुढे अनेक मोठ्या नावांची पुस्तकं अभ्यासक्रमाला लावायच्या समित्यांवर बसलो. लेखक समोर असला की माझा हात आखडतो. अशा वेळी मला ते कलतं डोकं आठवतं आणि मी टिचकी मारतो. त्यामुळे माझ्या समित्या फार टिकल्या नाहीत.

मास्तर गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं दुकान आवरायला काढलं आणि मला बोलावलं. पुण्याचे दोन व्यापारी आधीच पाकिटांच्या कोपऱ्यातले आकडे वाचत गठ्ठे लावत होते. बारा, नऊ, अकरा. फळीच्या खाली, काट्यांच्या काडेपेटीशेजारी, एक पाकीट वेगळं ठेवलेलं होतं. व्यापाऱ्यानं ते हलवून पाहिलं, आतले तुकडे खुळखुळले, तसं त्यानं बाजूला टाकलं.

मी ते उचललं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलेले चौदा आणे एका रेघेनं खोडले होते. खाली मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: "टिचकी मारली नाही." नवा आकडा मात्र त्यांनी घातला नव्हता.