हजेरीपटातली सतरा वर्षं

मी सोनिवलीहून निघालो तेव्हा दारात जीप उभी होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, मागच्या पडवीत विळ्याला धार लावत बसले होते. भात कापायला अजून महिना होता. आई त्यांना बोलवायला दोनदा आत गेली. मग एकटीच बाहेर आली आणि म्हणाली, "ते येत नाहीत म्हणतात. तू नीघ, विमान थांबायचं नाही." मी मागे जाऊन पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा विळा उचलला.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना वाटतं मी पगारासाठी मस्कतला आलो. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांनी कधी विचारलंच नाही. इथे कुणी कुणाला ते विचारत नाही. म्हणून आज आपणहून सांगतो.

दादा आणि शेजारचे पांडूकाका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात होते. दोघं एकाच पाळीत, एकाच प्लांटवर. सायकलीने जोडीने जायचे. तिथे नारिंगी पूड तयार व्हायची. घरी आले की बनियनवर घामाचे डागसुद्धा नारिंगी. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

बारावीनंतर मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. चार मशीन, चपला बाहेर काढायच्या. सर नुसता प्रोग्राम शिकवत नसत. मशीन बंद पडलं तर आधी काय बघायचं, गिऱ्हाईक चिडलेलं असेल तर काय लिहून घ्यायचं, हेही शिकवायचे. बॅकअपबद्दल एकदा म्हणाले, "रिस्टोर करके देखा क्या? नहीं देखा, तो वो बॅकअप नहीं है, सिर्फ फ्लॉपी है." आम्ही हसत हसत वहीत उतरवून घेतलं.

कारखान्याच्या टाईम ऑफिसला कॉम्प्युटर आला तेव्हा दादांनीच साहेबांना सांगून मला तिथे चिकटवलं. जुन्या मस्टरांमधून, म्हणजे हजेरीपटांमधून, एकेका कामगाराची माहिती मी चढवत गेलो. कोण कधी लागला, कुठल्या खात्यात किती वर्षं. सात-आठ महिने गेले. काम संपल्यावर मॅनेजरांनी लेखी मागितलं की सगळं बरोबर चढवलंय, आणि मी सही केली. मग जुनी मस्टरं रद्दीत निघाली. ती टेम्पोत भरायला दादा आणि पांडूकाकाच होते. दादा येईल त्याला सांगत होते, "माझ्या पोरानं अख्खी कंपनी एका डब्यात घातली." त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नंतर तर नाहीच.

दर शनिवारी मी बॅकअप घ्यायचो. अकरा फ्लॉप्या, वर नंबर टाकलेल्या, दर वेळी त्याच. लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचो. त्या पुन्हा मशीनवर टाकून मी कधी बघितल्या नाहीत. वेळ नव्हता असंही नाही. मशीन चालत होतं, एवढंच.

दुसऱ्या पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. नवी बसवली आणि फ्लॉप्या लावायला घेतल्या. चौथीवर मशीन अडलं. उजेडात धरून पाहिली तर तबकडीवर पांढरे ठिपके, बुरशी. सगळ्या फ्लॉप्या मिळून एकच फाइल होती, त्यामुळे चौथी गेली म्हणजे पुढच्या सातही गेल्या. मी ती कापसाने पुसून पाहिली, उल्हासनगरला सरांकडे नेली. सरांनी तासभर खटपट केली आणि ती पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

मॅनेजर ओरडले नाहीत. म्हणाले, गेल्या पाच वर्षांची पगारपत्रकं आहेत, त्यावरून भर, त्याच्या आधीचं कोण विचारतंय. पगारपत्रकात खातं लिहिलेलं नव्हतं. मी सगळ्यांच्या नावापुढे 'जनरल' टाकलं. पांडूकाकांच्या, दादांच्याही.

पुढच्या वर्षी काकांच्या नाकातून रक्त यायला लागलं, मग दम लागू लागला. त्या नारिंगी पुडीने नाकाच्या पडद्याला पडलेलं भोक तर प्लांटवरच्या बहुतेकांना होतं. ते त्यावरून एकमेकांची थट्टा करायचे. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कंपनीचं पत्र मागितलं. त्या प्लांटवर सतरा वर्षं काढली असं लेखी आलं, तर कामामुळे झालेला आजार म्हणून ते काकांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार होते. कंपनीने कॉम्प्युटरची प्रिंट दिली. संध्याकाळी काका ती घेऊन आमच्याकडे आले.

"जनरल म्हंजे काय रं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सगळीकडचं काम, काका."

"तूच काढलंस ना ह्ये? मग बरोबरच असंल." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

ते गेल्यावर दादांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता दादा डॉक्टरांना भेटले. आपण सतरा वर्षं पांडूकाकांच्या शेजारी उभं राहून काम केलंय म्हणाले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण लेखी हवं म्हणाले. घरी येऊन दादा मला एवढंच म्हणाले, "सही तुझी हाय. आता तूच लिव्हून दे."

मी लिहिलं. मूळ नोंदी गेल्या आहेत, नव्या खोट्या आहेत, आणि त्या मी भरल्या आहेत. तीन ओळी. पण ते पत्र मी दिलं नाही. फ्लॉप्या गेल्यापासून मला तिथून सुटायचं होतं; त्याच आठवड्यात माझी मस्कतच्या नोकरीची मुलाखत होती आणि अनुभवाच्या दाखल्यावर मॅनेजरांची सही हवी होती. आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो. श्रावणात पांडूकाका वारले. माझ्या दाखल्यावर लिहून आलं की टाईम ऑफिसचं संगणकीकरण मी यशस्वीपणे पूर्ण केलं.

इथे मस्कतमध्ये मी सर्व्हिस डेस्क सांभाळतो. प्रत्येक तक्रारीला नंबर, वेळ, नाव. तक्रार करणारा हो म्हणेपर्यंत ती बंद करायची नाही. दर महिन्याला मी बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून बघतो. सध्या सगळ्यांना दोन हजार साल लागलं की मशीनं तारीख चुकवून बंद पडतील अशी धास्ती आहे, त्यामुळे साहेब माझ्यावर खूश आहेत. त्यांनी कौतुक केलं की मला जेवण जात नाही.

मागच्या सुट्टीत धीर करून पांडूकाकांच्या घरी गेलो. सुमनकाकी, त्यांची बायको, तांदूळ निवडत होती. मी खाली बसलो आणि पत्रापर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या दादानं तवाच सांगितलं. आता सांगून तू मोकळा झालास. मी काय करू याचं?"

ती निवडत राहिली, मी उठून आलो.

सोनिवलीत आता बिल्डिंगा उभ्या राहतायत. गाव ओळखू येत नाही, असं परदेशातून आलेले सगळेच म्हणतात. मला येतं. मी गेलो की आई वाढते, दादा शेजारी बसून जेवतात, पावसाचं बोलतात, भाताचं बोलतात. किती दिवस आहेस, पुन्हा कधी येशील, हे मात्र ते विचारत नाहीत. माझ्यासाठी घर एवढंच उरलंय. तिथे मी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ताटात भात पहिल्यासारखाच पडतो.