मावशींच्या गळ्यातलं जंगल

लाकूड, शिंग, दगड आणि बिया यांच्यावर माझ्या मावससासूबाईंइतका जीव टाकणारं माणूस जंगलखात्यातसुद्धा सापडायचं नाही. लग्नात मिळालेलं त्यांचं सगळं सोनं पुण्याला भावाच्या कपाटात निवांत पडून होतं आणि त्या स्वतः जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या रस्त्यांवरून गळ्यात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड, मनगटात शिंगाचं कडं आणि बोटात नदीतला गोटा बसवलेली अंगठी घालून हिंडत. हार इतका ऐसपैस की ओव्हरकोटची बटणं त्यावर लागत नसत, म्हणून हिवाळ्यात तो ओव्हरकोटच्या वरून घालायचा. साठ साल उजाडायच्या सुमारास मी झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात उमेदवारी करायला आलो, तेव्हा माझी बायको अजून पुण्यातच होती. तिने पत्रात बजावलं होतं, "मावशींना ओळखायला फोटो लागत नाही. सगळा फलाट ज्या बाईकडे बघत असेल, त्या मावशी." फ्रँकफुर्टच्या स्टेशनावर उतरलो आणि एका क्षणात त्यांना वाकून नमस्कार केला. वाकताना त्यांच्या हाराचं टोक माझ्या टाळूवर आपटलं. "सांभाळून हं, जावईबापू," मावशी कळवळून म्हणाल्या आणि हार तपासू लागल्या.

जावयाला इतर घरी पुरणपोळी मिळते, मला पोतं मिळालं. दर रविवारी मावशी टाऊनुसच्या जंगलात दागिने आणायला जात आणि मी मुक्कामाला असलो की पोतं धरायचा मान माझा असे. दागिना निवडायची त्यांची रीत फार निराळी होती. वाळकं खोड दिसलं की त्या खाली बसत, त्यावर नखाने टकटक करून कान लावत, मग ते गालाला लावत, मग हुंगत, आणि आपल्याकडे बाजारात कलिंगड परत ठेवावं तसं परत ठेवून देत. "हे नको. रागीट आहे." मला त्या खोडात आणि पुढच्या खोडात काडीचा फरक दिसत नसे. पसंत पडलेला तुकडाही लगेच दागिना होत नसे. काही आठवडे तो खिशात बाळगून हिंडायचं. तेवढ्यात त्याचं आपल्याशी पटलं तरच त्याला पटाशी लावायची. मावशींच्या साडीला खिसे नसल्यामुळे हे काम काकांच्या कोटाकडे यायचं. काका एका औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, अत्यंत सरळ माणूस. एकदा त्यांनी साहेबांसमोर शिंक आली म्हणून रुमाल काढला आणि पाइनच्या फळाला नाक पुसलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "अहो, निदान मऊ तरी काही ठेवत जा." आमचे काका बायकोला अहो म्हणत, तेवढा मावशींचा दरारा होता.

घालायचेही नियम होते. मोठा दागिना असेल तर साडी बिनबुट्ट्यांची. एका वेळी एकच मोठी वस्तू, बाकीच्यांनी गप्प बसायचं. पाठ ताठ, कारण वाकलेल्या बाईच्या गळ्यातलं लाकूड सरपण दिसतं. "सोनं काय, कुणाच्याही गळ्यात शोभतं. त्याला स्वतःचं मत नसतं," असं त्या म्हणत. त्यांच्या दागिन्यांना मात्र भरपूर मतं असत. अक्रोडाच्या कवचांची माळ घालून त्या आम्हाला वाद्यवृंद ऐकायला घेऊन गेल्या, तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून एका व्हायोलिनचा सूर ऐकत असताना मावशींनी कौतुकाने उसासा टाकला आणि माळेने खडखडून दाद दिली. पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून बघू लागले. मावशींनी त्यांना हळूच सांगितलं, "हो, हो, अक्रोड. हात लावून बघा हवं तर." मध्यंतरात ते गृहस्थ खरोखरच बघायला आले. दुसऱ्या एका दिवशी बागेत एका ठेंगण्या डाकेल कुत्र्याला त्यांच्या सांबरशिंगाच्या कड्याचा वास आला आणि तो मालकिणीच्या हातून सुटून मावशींच्या मागे लागला. मावशी साडी सावरत बाकावर चढून उभ्या राहिल्या आणि तिथून त्या मालकिणीला शिंग आणि हाड यांतला फरक समजावून सांगू लागल्या. त्या दोघी पुढे जन्माच्या मैत्रिणी झाल्या.

आणि निगा तर विचारू नका. शनिवारी दागिन्यांचं न्हाणं असे, म्हणजे पाणी नव्हे, तेल. काकांच्या जुन्या बनियनच्या चिंधीवर जवसाचं तेल घेऊन मावशी एकेका लाकडाला बाळाला माखावं तसं माखत. स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यापूर्वी गळा आणि हात मोकळे करायचे, हा त्या घरातला सर्वांत कडक नियम. आमचं लग्न जुनं झालं, माझी बायकोही जर्मनीत आली, आणि आम्ही दोघं मुक्कामाला गेलो की आम्हाला पाहुण्यांची खोली मिळे. त्या खोलीत दागिनेही राहत. हीटर जोरात लावला तर शिंगाला चीर जाते, म्हणून तो जेमतेम कोमट असे. बायको कुडकुडत म्हणाली, "मावशी, अहो आम्हाला थंडी वाजते." मावशींनी आम्हाला आणखी एकेक दुलई दिली. हीटर होता तिथेच राहिला.

अशी ही बाई जगाच्या पाठीवर कुणाला भ्यायली नाही, फक्त स्वतःच्या लेकीपुढे तिचं चालत नसे. लेक लहानपणीच जर्मनीत आलेली, मावशींनी मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, असा त्यांचा संसार. शाळेत असताना आईने पालकसभेला कोणती माळ घालून येऊ नये, हे ती आदल्या रात्री सांगून ठेवी. ती मोठी झाली आणि एका जर्मन मुलाशी तिचं लग्न ठरलं. त्याच सुमारास मागच्या अंगणातलं लिंडेनचं झाड घरमालकाने मोटारीच्या गॅरेजसाठी पाडलं. लेक लहानपणी त्या झाडाखाली खेळलेली. मावशींनी शेजारणीची बाबागाडी मागून आणली, तीत त्याचा ओंडका निजवला आणि घरी आणला. पुढचं वर्षभर त्या त्यातून एक रुंद हार कोरत होत्या, गोऱ्या, नितळ लाकडाचा, पानावर पान बसवलेला. त्यांच्या हातून इतकं देखणं काही झालं नव्हतं. लेकीने लग्नात तो घालावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. हार पाहून लेक जर्मनमध्ये म्हणाली, "आई, छान आहे. पण हे लाकूड आहे गं. मी सोन्याची बारीक साखळी घालणार आहे." मावशी म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, लाकूडच आहे." नवा हार अंगाच्या उबेने मुरावा लागतो, असं सांगून त्या तो स्वतःच घालून वावरू लागल्या, पण तो लेकीला रोज दिसावा म्हणूनच घालत होत्या, हे न कळायला आम्ही काही दुधखुळे नव्हतो.

लग्न श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, पण आदल्या दिवशी हळद लावायचीच, असा मावशींचा हट्ट. माझी बायको, वरच्या मजल्यावरच्या बाई आणि ती कुत्र्याची मालकीण अशा सवाष्णी जमवल्या. पुण्याहून आलेली हळद स्वयंपाकघरातच तेलात कालवली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी "आल्झो, म्हणजे हे निघतं ना?" असं विचारून घेतलं आणि मग नवरीला मनापासून माखलं. सगळ्या हसत होत्या, नवरीही हसत होती. शेवटी मावशी लेकीच्या गालाला हळद लावायला वाकल्या आणि त्या पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिने हळदीने भरलेल्या दोन्ही हातांनी आईच्या गळ्याला मिठी मारली आणि हमसून रडायला लागली. मावशी हार काढायला विसरल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विसरल्या होत्या. मिठी सुटली तेव्हा त्या गोऱ्या लाकडावर दोन्ही बाजूंना बोटं उमटली होती, पिवळीधमक, तेलासकट आत मुरलेली.

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. लेक घाबरून "आई, आई" करू लागली. बायको साबण आणायला धावली. काकांनी मात्र शास्त्रज्ञाच्या शांतपणाने उपाय सांगितला, "घाबरायचं कारण नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. चार दिवस खिडकीत ठेवा, पार उडून जाईल." मावशींनी हार काढला, हातात धरला, त्या बोटांवरून आपली बोटं फिरवली. मग पुन्हा गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "चला, नवरीला न्हाऊ घाला. पाणी निवतंय."

दुसऱ्या दिवशी श्टांडेसाम्टमध्ये लेकीच्या गळ्यात सोन्याची साखळी होती आणि मावशींच्या गळ्यात तो पिवळ्या बोटांचा हार. सही करताना लेक दोनदा थांबून आईकडे बघत होती. निघायच्या वेळी ती मावशींजवळ आली आणि हाराला हात लावून चक्क मराठीत म्हणाली, "आई, मला दे ना हा." वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य ऐकून मावशींनी तिचा हात हळूच बाजूला केला. "आता नाही मिळायचा. आता हा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तुला दुसरा करीन. पण लाकूड तू निवडायचं. पोतं जावई धरेल." नव्या जावयाला काही कळलं नाही, पण तो आनंदाने मान डोलवत राहिला. मला मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

लेक नवऱ्याबरोबर हांबुर्गला गेली. पुढच्या उन्हाळ्यात आली तेव्हा आईबरोबर जंगलात जाऊन तिने खोडांना तासभर कान लावला, आणि तिने निवडलेल्या लाकडाचा मावशींनी केलेला हार ती कौतुकाने मिरवते, असं ऐकतो. आम्ही भारतात परतायच्या आधी निरोप घ्यायला बाड हॉम्बुर्गला गेलो होतो. मावशी आता साध्या लहान माळा घालू लागल्या होत्या, मोठं वजन मानेला सोसवत नव्हतं. बायकोने तो हळदीचा हार बघायला मागितला. मावशींनी आधी खिडकीचा पडदा ओढला, मग कपाटातून काळ्या कापडाची घडी काढून उलगडली. बोटं तशीच होती, पिवळी, स्पष्ट. आम्ही वाकून बघतोय तोवर त्यांनी हार पुन्हा कापडात गुंडाळला. "बास," त्या म्हणाल्या, "उजेड लागेल."