खांद्याला तूप

कौतिक,

हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत, ते मला माहीत नाही, तरी लिहिते. तू गेलास त्याला तीन वर्षं झाली, आणि मागच्या माघात तुझी आईही गेली. जिच्यासाठी तू तोंड मिटून बसलास, तीच आता नाही. तू असतास तर मान खाली घालून म्हणाला असतास, "अक्का, राहू द्या ना." नाही राहू देत. धुळ्यातल्या निम्म्या लोकांनी तुला नावं ठेवली, त्यांना खरं कळलं पाहिजे. म्हणून तुझ्याशी बोलणं इथे थांबवते आणि त्यांना सांगायला घेते. गोष्टीत गिरधरची बहीण सुनंदाबाई येते, ती मीच. तिचे लाड करणार नाही.

तर कौतिक हा साक्री रस्त्यावरचा मोटार मिस्त्री. बाप शर्यतीच्या बैलांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. बाप वारला, बैल विकले गेले, आणि कौतिक आईला, मंजुळाबाईंना, घेऊन धुळ्यात आला. पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, मागे दोन खोल्या. इंजिनाची कामं सगळेच करत, पण ब्रेक म्हटलं की लोक कौतिककडे जात. लोक त्याला ब्रेकवाला कौतिकच म्हणत. डॉक्टर मंडळी, कॉलेजातले प्राध्यापक, सगळ्यांच्या गाड्या तिथे. "कौतिकने हात लावलाय ना? मग पोरांना घेऊन सप्तशृंगी गडावर जा," असं बोललं जाई.

बापाचं शर्यतीचं वेड मात्र त्याच्या अंगात उतरलं होतं. जळगाव-धुळ्याच्या हौशी लोकांनी तेव्हा एक मोटार क्लब काढला होता. वर्षातून एकदा बारा तासांची शर्यत. सकाळी सहाला धुळ्याहून निघायचं, शिरपूर, चोपडा, जळगाव करत परत धुळं, मग साक्री, पिंपळनेर, शेलबारी घाटाच्या माथ्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि सहाच्या आत धुळ्यात. पहिलं यावं अशी कौतिकची हाव नव्हती. आपल्या हाताने उभी केलेली जुनी गाडी एकदा तरी पुरती फिरवून आणावी, एवढंच. शहाऐंशी साली चोपड्याजवळ रेडिएटरचं पाणी उकळलं. सत्त्याऐंशीला साक्रीच्या अलीकडे मागचा आस तुटला आणि गाडी बैलजोडीने ओढत आणावी लागली. मंजुळाबाई म्हणाल्या, "देख, शेवटी बैलच कामले उना!"

शेजारच्या सीटवर गिरधर असे. बँकेतला कारकून, मांडीवर नकाशा, हातात घड्याळ. दोघांची जोडी अशी की गिरधर बडबड करणार आणि कौतिक ऐकणार.

अठ्ठ्याऐंशीची शर्यत नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण. वर्षभर जू वाहून दमलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मंजुळाबाईंच्या दारी बैल नव्हते. पण खांदेमळण चुकवणारी ती बाई नव्हे. दरवर्षी त्या गाडीच्या बॉनेटला तुपाचं बोट लावत.

त्या संध्याकाळी गाडी ठोकळ्यांवर उभी होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली. कौतिक ब्रेकला नवे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, चढवत होता. मंजुळाबाई वाटी घेऊन आल्या आणि वाकून बघू लागल्या. आतल्या अर्धगोल पट्ट्या त्यांना जुवाखालच्या मानेसारख्या वाटल्या.

"काय रे, गाडीना भार कोठे पडस?"

कौतिक खुशीत होता. म्हणाला, "घाट उतरताना? बठ्ठा भार याच्यावरच, आई, सगळाच्या सगळा."

एवढं बोलून तो हात धुवायला नळावर गेला. तेवढ्यात वीज गेली. परत आला तेव्हा आई आत पोळ्यासाठी डाळ निवडायला बसली होती. शर्यतीच्या गडबडीत त्याने कंदील पेटवला, झाकणं बसवली, चाकं चढवली. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाही.

शर्यतीच्या दिवशी शिरपूर गेलं, चोपडा गेलं, जळगावला शिक्का पडला. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढत होती. नवे लायनर आहेत, बसतील, असं कौतिकने स्वतःला सांगितलं. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतोच किती? शेलबारीच्या माथ्यावर पोचले तेव्हा हातात चाळीस मिनिटं जास्तीची होती. गिरधरने कार्ड कपाळाला लावलं.

"कौतिक, यंदा तुझ्या बापाचं नाव काढलंस बघ!"

उतार लागला. तिसऱ्या वळणावर गिरधर नाक वर करून म्हणाला, "अरे, कुठे पुरणपोळी भाजतायत की काय? तूप करपल्यासारखा वास येतोय."

कौतिकने ब्रेकचं पेडल दाबलं, पण गाडी धरेना. त्याला त्या एका वासात सगळं कळलं. वाटी, वाकलेली आई, आपलंच वाक्य. त्याने गिअर खाली ओढले, हँडब्रेक खेचला, पण मागच्या दोन चाकांच्या आवाक्यातला तो उतार नव्हता. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. त्याने गाडी डोंगराला घातली. डावीकडे गिरधर बसला होता.

कौतिकला खरचटलंदेखील नाही. गिरधरचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आणि पुढे कायमचा आखूड राहिला.

गाडी पिंपळनेरला ओढून आणली. क्लबची माणसं येण्याआधी कौतिकने एकट्याने चाक खोललं. पट्टीच्या कोपऱ्यात हळद होती. त्याने ती पेट्रोलने धुऊन काढली आणि विचारायला आलेल्यांना सांगितलं, "ब्रेकचं रबर मीच वाकडं बसवलं. चूक माझी."

घरी मंजुळाबाई रडत होत्या. "मी तं खांदाले तूप लायेल व्हतं, तरी असं कसं व्हयनं?"

"तूप लावलं म्हणून तर दोघं जिवंत आलो, आई," कौतिक म्हणाला.

त्यांनी देवाला हात जोडले.

आता सुनंदाबाईंचं. भावाचा पाय मोडला, राग येणारच. पण राग घरात ठेवावा की नाही? या बाई कॉलेजात शिकवत; त्यांनी तो स्टाफरूममध्ये नेला. "स्वतःच्या गाडीचे ब्रेक बांधता येत नाहीत, त्याच्या हाती तुम्ही तुमची पोरं देता?" हे वाक्य त्यांनी एकदा नाही, वर्षभर वापरलं. धुळं केवढं? आधी प्राध्यापकांच्या गाड्या बंद झाल्या, मग डॉक्टरांच्या. कौतिक गिरधरला भेटायला दोनदा दारात आला. दोन्ही वेळा सुनंदाबाईंनी त्याला पायरीवरून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. दीड वर्षात शेडचा पत्रा उतरला, आणि कौतिक एका जिनिंग कारखान्यात गासड्या, म्हणजे दाबलेल्या कापसाच्या गाठी, वाहू लागला. दारात गाडी उरली नाही, म्हणून खांदेमळणीला मंजुळाबाई मुलाच्याच खांद्यांना तूप-हळद चोळत. तो शर्ट काढून गुमान बसे.

पंच्याण्णवच्या पोळ्याला गिरधर बहिणीकडे जेवायला आला होता. तव्यावर तूप करपलं तसा तो हसला. "ताई, हाच वास. शेलबारीत हाच आला होता."

सुनंदाबाईंचा हात तव्यावरच थांबला. रबराला तुपाचा वास कशाला येईल? चार दिवसांनी त्या जिनिंगच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. कौतिक आला, अंगभर कापूस. त्यांनी सरळ विचारलं. त्याने अंगावरचा कापूस झटकला आणि सगळं सांगितलं.

"मूर्खा, तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर आई जगली असती का, अक्का? माझं गॅरेज गेलं, जाऊ दे. तिच्या हातचं तूप जायला नको होतं."

"मी तुझं वाटोळं केलं."

"तुमचा भाऊ होता. मीही तेच केलं असतं." मग म्हणाला, "एक काम करा. गिरधरला एकदा घेऊन या. तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन. आईच्या हातचं जेवेल, मग मी त्याला बाहेर नेऊन सांगेन. सात वर्षं झाली, त्याची बडबड ऐकली नाही."

"आणते," सुनंदाबाई म्हणाल्या. "दिवाळीत."

दिवाळीत लेकीचं माहेरपण निघालं. मग परीक्षेचे पेपर तपासायचे. मग गिरधरची बदली शिरपूरला झाली, आणि शिरपूर काही विलायत नव्हे, दीड तासाची एसटी. जिनिंगच्या माणसाबरोबर कौतिकचा निरोप आला, "अक्का, आईने विचारलंय." सुनंदाबाईंनी उलट निरोप धाडला, पोळ्याला नक्की.

आषाढात गासडी उचलताना कौतिक जागीच बसला, तो उठला नाही.

सुनंदाबाई दारावर, समाचाराला गेल्या, एकट्याच. मंजुळाबाई भिंतीला टेकून होत्या. त्यांनी सुनंदाबाईंच्या मागे, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "गिरधरभाऊ नही उना का? त्याले जेवाले बलायेल शे ना."

सुनंदाबाई म्हणाल्या, "येईल." गिरधरला हे सगळं आता इथे वाचूनच कळेल. त्याला त्या घरी न्यायचं राहिलं ते राहिलंच.