पुढची दोरी

शंकरअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो. शिपायाने येऊन हळूच सांगितलं, "राजाजीनगरहून फोन होता, साहेब. मोहिते म्हणून कुणी... सकाळी वारले." डबा तसाच झाकून उठलो. त्यांच्या घरी पोचलो तर अण्णांना बाहेरच्या खोलीत निजवलं होतं आणि त्यांची बायको, सरस्वतीअक्का, उशाशी बसून होती. कारखान्यात जायला निघालेले अण्णा "स्वल्प बसतो" म्हणून खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. वय अवघं त्रेपन्न. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. भेटायला आलेल्या पुष्कळांनी अण्णांचं पुष्कळ चांगलं सांगितलं. मला जे सांगायचं आहे ते मात्र गेल्या रविवारपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्याने त्यांच्याविषयी एक ओळही लिहवत नाही.

मी बेळगावहून बंगळुरात आलो तो हंगामी कारकून म्हणून. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. निम्म्या प्लॉटांवर अजून रानगवत होतं. अण्णांच्या घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. अण्णा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मूलबाळ नव्हतं. एका जुन्या मासिकातल्या नकाशावरून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये एक होडी बांधली होती. लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास, वर हिरवा रंग. दोन्ही टोकांना निमुळती, एकाच माणसाने पाय लांब करून बसायची आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने वल्हवायची. अशा होडीला कयाक म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. दर रविवारी ती त्यांच्या जुन्या मॉरिस गाडीच्या टपावर चढायची आणि आम्ही तुमकूर रस्त्याने हेसरघट्ट्याच्या तलावावर जायचो.

होडी टपावर बांधणं हे अण्णांच्या लेखी वल्हवण्याइतकंच मोठं काम होतं. टपावर आडव्या दोन लाकडी दांड्या, त्यांना जुन्या गोधडीचे तुकडे गुंडाळलेले. त्यावर होडी पालथी ठेवायची, बरोबर मध्यावर. दोन्ही दांड्यांपाशी एकेक पट्टा होडीवरून घेऊन आवळायचा. हे झालं की माझ्यासारख्याला वाटायचं, संपलं काम. अण्णांचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. होडीच्या मागच्या टोकाची दोरी मागच्या बंपरला, पुढच्या टोकाची दोरी पुढच्या बंपरला. "पट्टे होडीला खाली धरतात, गोविंदा," ते म्हणायचे, "पण गाडी पळायला लागली की वारा नाकाखाली शिरतो आणि होडी उचलायला बघतो. त्याला अडवणारी ही पुढची दोरी." सुती दोर ओला असताना आवळून बसतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणून मैलभर गेल्यावर ते गाडी थांबवायचे, उतरायचे, प्रत्येक गाठ हाताने ओढून बघायचे. पाऊस असो, ऊन असो... हे कधी चुकलं नाही. एकदाच चुकलं.

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मल्लेश्वरात माझा मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. तलावावरून निघायलाच उशीर झाला, वर आभाळ भरून आलेलं. अण्णा पट्टे आवळत होते. "मागची मी बांधतो, तू पुढची बघ," असं म्हणून ते मागे गेले. मी डिकीतून दोरी काढली, आणि मनात आलं, पट्टे तर घट्ट आहेत, कशाला वेळ घालवा! वेटोळं उलगडलंसुद्धा नाही. तसंच परत डिकीत टाकलं.

"बांधलीस?" अण्णांनी विचारलं.

"बांधली की."

माझी घाई त्यांना ठाऊक होती. त्या दिवशी ते मैलावर थांबले नाहीत. केवळ माझ्यासाठी.

यशवंतपूर यायच्या अलीकडे समोरून एक लॉरी भरधाव गेली. तिच्या वाऱ्याने होडीचं नाक वर उचललं, पुढची दांडी टपाच्या कडेतून निसटली आणि होडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेला आदळली. तिथून हनुमंतप्पा नावाचा फुलवाला सायकलवरून चालला होता. आम्ही धावत गेलो तेव्हा तो खाली पडला होता, उजवा हात कोपरापाशी भलताच वळलेला. ओरडत नव्हता. नुसता माझ्याकडे बघत होता.

आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तिथे पोलीस आला. "यारु कट्टिद्दु?" त्याने विचारलं. कुणी बांधलं होतं? मी तोंड उघडलं. माझी नोकरी हंगामी होती, मल्लेश्वरात माणसं वाट बघत होती, आणि मी ते परत मिटलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "नाने." मीच.

मला वाटलं, घरचा मोठा म्हणून त्यांनी जबाबदारी घेतली. मी खोटं बोललो हे त्यांना कुठे माहीत आहे! त्यांनी मला तिथूनच रिक्षात बसवून मल्लेश्वरात पाठवलं. सुलभाशी माझं लग्न ठरलं ते त्याच संध्याकाळी.

हनुमंतप्पाने तक्रार केली नाही. पोलिसाने समज देऊन प्रकरण मिटवलं. पण अण्णांनी ते मिटलं असं मानलं नाही. हात प्लास्टरमध्ये असताना फुलं बाजारात न्यायची कुणी? दोन महिने अण्णा रोज पहाटे त्याच्या गावी जायचे, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, आणि अबोलीच्या टोपल्या त्याच टपावर बांधायचे, हनुमंतप्पाला शेजारी बसवून सिटी मार्केटात सोडायचे आणि तिथून कारखाना गाठायचे. मीही बरोबर जायचो. पहिल्या दिवशी अण्णांनी टोपल्या होडीसारख्या करकचून आवळल्या, तेव्हा हनुमंतप्पा गळ्यातला हात सावरत म्हणाला, "स्वल्प सडिल, स्वामी. फुलं आहेत ती, गुदमरतील." अण्णांनी मान डोलावली आणि गाठ सैल केली. त्याला हात जोडून माफी मागताना मी त्यांना कैकदा पाहिलं. प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघायचो.

होडीचं कॅनव्हास फाटलं होतं, ते त्यांनी शिवलं. पावसाळा सरल्यावर एका रविवारी पुन्हा निघायचं ठरलं. पट्टे आवळून झाले. अण्णा डिकीपाशी गेले आणि एक दोरी घेऊन माझ्यासमोर आले. तीच दोरी. वेटोळं तसंच होतं, जसं मी त्या दिवशी टाकलं होतं. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"पुढची तू बांध," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मी ती पुढच्या बंपरला बांधली. तीनदा गाठ सोडली, तीनदा बांधली. मैलभर गेल्यावर गाडी थांबली. ते उतरले, मागची दोरी ओढून बघितली, दोन्ही पट्टे बघितले. पुढच्या दोरीला हात लावला नाही. परत येऊन बसले आणि गाडी सुरू केली. त्यानंतर दहा वर्षं आम्ही असे जात राहिलो आणि त्या दहा वर्षांत माझी गाठ त्यांनी एकदाही तपासली नाही. त्या प्रसंगाचा शब्दही काढला नाही. मीही नाही. आज काढू, उद्या काढू असं म्हणता म्हणता माणूसच गेला.

गेल्या रविवारी सुलभाला घेऊन अक्काकडे गेलो होतो. त्या दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी तिथेच उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सुलभा खाली मान घालून ऐकत राहिली. अक्काचे हात निवडायच्या भाजीवर थांबले.

"पण चूक त्यांची होती ना?" ती म्हणाली. "मला तर ते असंच म्हणाले होते."

"नाही अक्का. माझी."

"त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

अक्काने हातातली जुडी ताटात ठेवली. मग म्हणाली, "दहा वर्षं, गोविंदा... दर रविवारी ते निघाले की मी दारातून ओरडायची, 'आज तरी नीट बांधा हो, त्या गरिबासारखा आणखी कुणाचा हात नको मोडायला.' चार माणसांसमोरसुद्धा म्हणायची मी. आणि ते आपले हसायचे. सरी सरी, बांधतो नीट, म्हणायचे."

भाजीचं ताट बाजूला सारून अक्का उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मॉरिस चिंचेखाली उभी होती, टपावरच्या दांड्या अजून काढलेल्या नव्हत्या. त्यांतल्या एकीवर हात ठेवून ती उभी राहिली. सुलभा तिच्या मागे जायला निघाली, तिला मी हाताने थांबवलं. मलाही जावंसं वाटत होतं. पण अक्काचे ओठ हलत होते, आणि ती जे बोलत होती ते आमच्यासाठी नव्हतं.